एकच चाक गरगरते तेव्हा : लिमिटेड स्लिप डिफरन्शियलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे सुमारे तीस वर्षांपूर्वीची, मागच्या चाकांवर चालणारी चारदारी सेडान आहे. मागे सलग एक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. ओल्या रस्त्यावर चौकातून उजवीकडे वळताना दुसऱ्या गिअरमध्ये थोडा जोर दिला की मागचे उजवे चाक जागीच गरगरू लागते आणि गाडी पुढे सरकत नाही. डावीकडे वळताना मात्र हा त्रास जवळजवळ जाणवत नाही. डिफरन्शियल वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते; एक चाक गरगरले तरी दुसऱ्यालाही जोर पोचवणारे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवावे असे मनात आहे, पण कोणी प्लेटचे घ्यायला सांगतात तर कोणी गिअरचे. यांपैकी कोणते घ्यावे आणि ते बसवल्यावर गाडी रोजच्या वापराला योग्य राहील का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत कामाची माहिती म्हणजे दर वेळी उजवेच चाक गरगरते, ही. सलग एक्सलच्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर मागे नेणारा दांडा) पिनियनला (एक्सलमधल्या लहान चालक गिअरला) पीळ देतो, त्याबरोबर तो संपूर्ण एक्सललाही त्याच दिशेने पिळू पाहतो. बहुतेक इंजिने समोरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, त्यामुळे जोर दिला की डाव्या चाकावरचा भार वाढतो आणि उजव्यावरचा कमी होतो. उजवीकडे वळताना गाडीचे वजन तसेही बाहेरच्या, म्हणजे डाव्या बाजूला झुकलेले असते. या दोन्ही गोष्टींची बेरीज होऊन उजवे चाक हलके पडते. डाव्या वळणावर त्या एकमेकींना काही अंशी छेद देतात, म्हणून तिथे त्रास कमी होतो. ज्या गाड्यांत डिफरन्शियल थेट चासीला बांधलेले असते आणि मागची चाके स्वतंत्र असतात, त्यांत हा पीळ एक्सलपर्यंत पोचतच नाही. म्हणजे आपल्या गाडीचे वागणे तिच्या रचनेला धरूनच आहे आणि लिमिटेड स्लिपची गरज आपल्याला खरोखरच आहे.

तरीही खर्च करण्यापूर्वी गाडीखाली एकदा वाकून पाहावे. मागचा एखादा शॉक ॲब्सॉर्बर मेलेला असेल, एका बाजूची स्प्रिंग बसलेली असेल किंवा आधीच्या मालकाने मागे जाडजूड अँटी-रोल बार (वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा) बसवलेला असेल, तर आतले चाक रस्ता लवकर सोडते. मागचा बार जितका कडक, तितका तो वळणावर आतल्या चाकावरचा भार हिरावून घेतो. हौसेने बार बसवायचा आणि मग चाक गरगरते म्हणून डिफरन्शियल शोधत फिरायचे, असे अनेक गाड्यांच्या बाबतीत घडते. या गोष्टी आधी जागेवर आणाव्यात, कारण लिमिटेड स्लिप नवी पकड निर्माण करत नाही. जी पकड दुसऱ्या चाकाखाली वाया जात आहे, तेवढीच ते वापरात आणते.

ती किती वापरात येते हे आकड्यांत पाहिले की प्लेट आणि गिअर हा वाद बराचसा आपोआप मिटतो. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते. उजव्या चाकाखालची पकड १०० न्यूटन-मीटरपुरतीच असेल, तर डाव्यालाही १०० च मिळतात आणि इंजिनात कितीही ताकद असली तरी एकूण २०० च्या पुढे काही जात नाही. प्लेटच्या प्रकारात दोन्ही बाजूंना घर्षणाच्या चकत्या असतात. आतल्या आडव्या पिनला टॉर्क मिळाला की ती दाबकड्यांच्या तिरक्या खाचांत चढते, कडी बाहेर ढकलली जातात आणि चकत्या आवळल्या जातात. अशा डिफरन्शियलवर ‘२५ टक्के’ असा आकडा दिलेला असतो. त्याचा अर्थ, दोन चाकांच्या टॉर्कमधील फरक एकूण टॉर्कच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे वाटणी ६२.५ आणि ३७.५ अशी होते. आपल्या उदाहरणात उजव्या चाकाला १०० मिळत असताना डाव्याला सुमारे १६७ मिळतील. ४० टक्क्यांचे असेल तर वाटणी ७० आणि ३०, म्हणजे डाव्याला सुमारे २३३. याशिवाय आतल्या स्प्रिंगांचा कायमचा दाब असतो, त्यामुळे एक चाक पूर्ण हवेत असले तरी दुसऱ्याला थोडाफार टॉर्क मिळतोच.

गिअरच्या प्रकारात, म्हणजे टॉर्सेन किंवा क्वेफ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रचनांत, चकत्या मुख्य काम करत नाहीत. गिअरच्या तिरक्या दात्यांमुळे टॉर्क येताच गिअर बाजूला रेटले जातात आणि त्या घर्षणातून वाटणी बदलते. याची क्षमता गुणोत्तराने सांगतात. ते २.५ असेल तर १०० च्या जोडीला २५० मिळतात. मात्र हा गुणाकार आहे; उजवे चाक पूर्ण हवेत गेले तर शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच, आणि त्या क्षणी ते साध्या डिफरन्शियलसारखे वागते. अशा वेळी हलका ब्रेक दाबून ठेवला की उपयोग होतो, आणि तो का होतो हेही गणितातच दिसते. ब्रेकने प्रत्येक चाकाला ६० न्यूटन-मीटरचा अडथळा केला, तर हवेतल्या चाकाच्या ६० च्या बदल्यात जमिनीवरच्या चाकाला १५० मिळतात. त्यातून त्याच्या स्वतःच्या ब्रेकचे ६० वजा केले तरी ९० उरतात. साध्या डिफरन्शियलमध्ये हीच युक्ती केली तर हाती काहीच उरत नाही.

तिसरा प्रकार सिलिकॉन द्रवाचा. त्यात दोन चाकांच्या वेगात फरक पडल्यावर, म्हणजे चाक गरगरू लागल्यानंतरच, द्रव आवळतो आणि तोही वयाबरोबर ढिला पडतो. जुन्या गाडीसाठी असे जुने युनिट मी सुचवणार नाही.

आपला वापर रोजचा, रस्ता पक्का आणि तक्रार चाक हलके पडण्याची आहे, हवेत जाण्याची नव्हे. त्यामुळे आपल्यासाठी गिअरचा प्रकार योग्य ठरेल. त्याला घर्षण कमी करणारे खास रसायन लागत नाही, वरचेवर उघडून चकत्या बदलाव्या लागत नाहीत आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो गाडीला सरळ रेटत नाही. प्लेटच्या प्रकारात मात्र खाचांचा कोन दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर इंजिन ब्रेकिंगच्या वेळीही मागची चाके एकमेकांना जखडली जातात आणि वळणात शिरताना गाडीचे नाक बाहेर जाऊ पाहते. शर्यतीच्या गाडीला ते हवेसे वाटते, कारण जोरात ब्रेक लावताना मागची बाजू स्थिर राहते. भाजी आणायला निघालेल्या सेडानला त्याची गरज नसते.

एक इशारा मात्र मनावर घ्यावा. साध्या डिफरन्शियलमध्ये आतले चाक गरगरते, पण बाहेरचे चाक आपली बाजूची पकड सांभाळून असते आणि मागची बाजू जागेवर राहते. लिमिटेड स्लिप असताना ओल्या रस्त्यावर प्रमाणाबाहेर जोर दिला, तर दोन्ही चाके एकाच वेळी सुटतात आणि मागची बाजू बाहेर येते. जुन्या गाडीत हे सावरायला कोणतीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसते. बसवल्यानंतर पहिल्या पावसात उजवा पाय जपून वापरावा आणि मोकळ्या, सुरक्षित जागी गाडीचा नवा स्वभाव ओळखून घ्यावा.

प्रश्न : माझी गाडी बीएमडब्ल्यूच्या ३-मालिकेतील ई-३० पिढीची, चार सिलिंडरची आहे. नवे केज (क्राउन गिअर ज्यावर बसतो तो डिफरन्शियलचा आतला फिरता सांगाडा) घेऊन ते बसवत बसण्याऐवजी मूळ कारखान्याचेच लिमिटेड स्लिप असलेले अख्खे डिफरन्शियल भंगारातून घ्यावे असा विचार आहे. ते खरे कसे ओळखावे? त्याचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे प्रोपेलर शाफ्टचे फेरे) वेगळे असल्यास काय होईल?

उत्तर : अख्खे हाउसिंग (बाहेरच्या कवचासह सगळे) बदलणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, कारण क्राउन (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) आणि पिनियनची जुळणी कारखान्यात झालेली असते आणि ती हलवावी लागत नाही. पण आधी आकार पाहावा. ई-३० मध्ये लहान आणि मध्यम अशी दोन प्रकारची हाउसिंग येत. क्राउन गिअरच्या व्यासावरून त्यांना १६८ आणि १८८ मिलिमीटरची म्हणतात. चार सिलिंडरच्या गाडीत सहसा लहान असते आणि भंगारात मिळणारी बहुतेक लिमिटेड स्लिप सहा सिलिंडरच्या गाड्यांतली, म्हणजे मोठी असतात. तेव्हा बाजूचे फ्लँज (शाफ्ट जोडण्याच्या तबकड्या), हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे), प्रोपेलर शाफ्टचा फ्लँज आणि मागच्या झाकणाचे माउंट जुळते की नाही, हे मोजून मगच व्यवहार करावा.

मागच्या झाकणाच्या बोल्टखाली एक छोटी धातूची पट्टी असते. तिच्यावर गुणोत्तराच्या आधी इंग्रजी ‘एस’ हे अक्षर असेल तर ते लिमिटेड स्लिप समजावे. पण पट्टी एका बोल्टवर निघते आणि एका बोल्टवर बसते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. डिफरन्शियल टेबलावर ठेवून, पिनियन मोकळा सोडून, एका बाजूचा फ्लँज हाताने फिरवावा. दुसरा फ्लँज त्याच दिशेने फिरला तर चकत्यांचा दाब शिल्लक आहे. उलट दिशेने फिरला तर ते साधे डिफरन्शियल तरी आहे किंवा चकत्या पार झिजलेल्या तरी आहेत. ही परीक्षा प्लेटच्या प्रकारापुरतीच खरी. गिअरच्या प्रकारात आतून दाब दिलेला नसेल तर चांगले युनिटही उलट फिरते, आणि त्याला टाकाऊ ठरवण्याची चूक सहज होते. चकत्यांचा दाब नेमका किती उरला आहे हे पाहायचे असल्यास एक फ्लँज पक्का धरावा, दुसऱ्यावर टॉर्क रेंच लावावा, किती टॉर्कला तो सुटतो ते नोंदवावे आणि निर्मात्याच्या आकड्याशी ताडून पाहावे. आकडा बराच खाली असेल तर चकत्यांचा खर्च किमतीत धरूनच भाव ठरवावा.

गुणोत्तराचा परिणाम थेट आहे. समजा, ३.७३ च्या जागी ४.१० आले, तर त्याच वेगाला इंजिन सुमारे १० टक्के जास्त फिरेल, म्हणजे जिथे मिनिटाला ३००० फेरे होते तिथे जवळजवळ ३३००. चढावर आणि शहरात गाडी चपळ वाटेल, लांबच्या सरळ रस्त्यावर मात्र तिचा आवाज कानाशी राहील. ज्या गाड्यांचे स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालते, त्यांत काटाही तितकाच चुकेल आणि खऱ्या १०० ला ११० दाखवेल. आपल्या ई-३० मध्ये वेगाचा सेन्सर डिफरन्शियलच्या मागच्या झाकणात असतो आणि केजबरोबर फिरणारे दातेरी कडे वाचतो. ते कडे चाकांच्या वेगानेच फिरत असल्याने गुणोत्तर बदलले तरी काटा खरा राहतो. फक्त ते कडे आत जागेवर आहे ना, याची खात्री झाकण उघडलेच तर करून घ्यावी.

प्रश्न : मी हौशी असलो तरी इंजिन उघडून बांधलेले आहे. जुन्याच क्राउन-पिनियनवर नवे लिमिटेड स्लिप केज घरच्या घरी बसवणे शक्य आहे का? सगळे पिनियनच्या खोलीची (तो क्राउनच्या किती आत बसतो त्याची) भीती घालतात.

उत्तर : शक्य आहे. पिनियनची खोली त्याच्या स्वतःच्या शिमवर (जागा जुळवणाऱ्या पातळ चकतीवर) आणि हाउसिंगवर ठरते. केज बदलल्याने ती बदलत नाही. पिनियनचे बेअरिंग शाबूत असेल तर त्याच्या नटला हातसुद्धा लावू नये. अनेक हाउसिंगमध्ये त्या नटखाली दबली जाणारी नळी असते. नट एकदा सैल केला की ती नळी नवीनच घालावी लागते आणि नसते काम वाढते. आपल्याला जुळवायचे ते क्राउन गिअरचे डावे-उजवे स्थान.

मागवण्यापूर्वी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, एक्सल शाफ्टच्या स्प्लाइनची (टोकावरच्या लांबट दात्यांची) संख्या. उदाहरणार्थ, फोर्डच्या ८.८ इंची एक्सलमध्ये २८ आणि ३१ असे दोन्ही प्रकार आहेत. दुसरी, काही एक्सलमध्ये क्राउन बसण्याची कडा गुणोत्तरानुसार वेगळ्या जागी असते, म्हणून केज आपल्याच गुणोत्तराच्या गटातले हवे. तिसरी, शाफ्ट आतून सी-क्लिपने (इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या कडीने) धरलेले आहेत की बाहेरच्या बेअरिंगने, कारण सी-क्लिप असेल तर नव्या केजमध्ये त्याची सोय लागते.

ऑइल काढण्याआधी भरण्याचा प्लग सैल करून पाहावा, कारण तो गंजून बसला असेल तर रिकामे डिफरन्शियल घेऊन आपण गाडीखाली अडकाल. मग झाकण काढून, दाते पुसून, सगळे जागेवर असतानाच डायल गेजने जुना बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दात्यांमधली मोकळीक) चार ठिकाणी मोजावा, दात्यांना निळा रंग लावून खूण घ्यावी आणि तिचा फोटो काढावा. वापरलेल्या जोडीचे दाते एकमेकांना सरावलेले असतात, त्यामुळे आपले ध्येय पुस्तकातला आदर्श आकडा गाठणे हे नसून जुनी जागा परत मिळवणे हे आहे. बेअरिंग कॅप डावी-उजवी आणि खाली-वर अशा खुणा करूनच काढाव्यात, कारण त्या हाउसिंगबरोबरच यंत्रावर कापलेल्या असतात आणि अदलाबदल केल्यास बेअरिंग गोल बसत नाही. दोन्ही बाजूंच्या शिमही वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात.

क्राउन गिअर नव्या केजवर घट्ट जात असेल तर तो ठोकून बसवू नये. गरम पाण्यात किंवा भट्टीत १०० अंशांच्या आसपास तापवला की तो स्वतःहून सरकतो. ज्योतीने मात्र तापवू नये, दात्यांचे पाणी उतरते. बोल्ट नवे घ्यावेत, आटे तेल राहणार नाही इतके स्वच्छ करावेत, थ्रेडलॉक लावावे आणि समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळावेत. काही अमेरिकी एक्सलमध्ये या बोल्टांना उलटे आटे असतात. बोल्ट सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी त्याच्या डोक्यावरची खूण पाहावी.

साइड बेअरिंग नवे घालून, जुन्याच शिम लावून केज बसवावे आणि बॅकलॅश पुन्हा मोजावा. बहुतेक गाड्यांत तो ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तो जास्त आला तर क्राउन पिनियनकडे सरकवायचा. एका बाजूची जितकी शिम काढाल तितकीच दुसऱ्या बाजूला घालावी, म्हणजे बेअरिंगवरचा दाब तोच राहतो. साधारणपणे क्राउन ०.१० मिलिमीटर सरकवला की बॅकलॅश सुमारे ०.०७ ने बदलतो, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत आकडा सापडतो. ज्या एक्सलमध्ये शिमऐवजी आट्यांच्या कड्या असतात, तिथे हेच काम पाऊणपट वेळात होते. शेवटी पुन्हा निळा रंग. चालती (जोर देतानाची) आणि रोधाची (इंजिन ब्रेकिंगची) अशा दोन्ही बाजूंची खूण दात्याच्या मधोमध, काठांना न भिडता, जुन्या फोटोसारखी उमटली पाहिजे. ती उमटेपर्यंत झाकण लावू नये, मग कितीही रात्र होवो.

प्रश्न : प्लेटचे लिमिटेड स्लिप बसवल्यापासून पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवले की मागून थरथर आणि कडकड ऐकू येते. काही तुटले आहे का?

उत्तर : बहुधा नाही. हळू, तीव्र वळणावर चकत्या एकमेकींवर धरतात आणि सुटतात, त्याचा तो आवाज आहे. ७५डब्ल्यू-९० जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलमध्ये लिमिटेड स्लिपसाठीचे घर्षण-सुधारक मिसळले आहे का ते पाहावे; काही ऑइलमध्ये ते आधीच असते. मग रिकाम्या मैदानात हळू गतीने इंग्रजी आठच्या आकड्यात पंधरा-वीस मिनिटे गाडी फिरवावी, म्हणजे ऑइल चकत्यांमध्ये शिरते. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर ऑइल बदलावे, कारण नव्या चकत्यांची भुकटी त्यात उतरते. सुधारक मात्र बेताने घालावे. ते जास्त झाले की आवाज जातो आणि त्याच्याबरोबर जखडण्याची ताकदही जाते. आवाज वळणावर न येता सरळ रस्त्यावर, ठरावीक वेगाला, शिट्टीसारखा येत असेल तर दोष चकत्यांचा नाही. क्राउन-पिनियनची जुळणी तपासावी लागेल.

प्रश्न : पंक्चर झाल्यावर मागे लहान आकाराचे सुटे चाक लावून चालवले तर चालेल का?

उत्तर : जवळच्या दुकानापर्यंत, हळू. मागच्या दोन चाकांचा व्यास वेगळा असला की डिफरन्शियलमधला भाग सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहतो, आणि प्लेटच्या प्रकारात चकत्या तापून झिजतात. त्याच कारणाने मागचे टायर नेहमी जोडीनेच बदलावेत. शक्य असल्यास पुढचे चाक मागे आणि लहान चाक पुढे लावावे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : एक मागचे चाक जॅकवर आणि दुसरे जमिनीवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नये. साध्या डिफरन्शियलमध्ये वरचे चाक नुसते फिरते. इथे जमिनीवरचे चाकही ओढते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

प्रश्न : एका कारागिराने आतले स्टार पिनियन (केजमधले लहान गिअर) वेल्ड करून देतो, काम फुकटात होईल, असे सांगितले. करावे का?

उत्तर : करू नये. वेल्ड केल्यावर डिफरन्शियल राहतच नाही. दोन्ही चाके कायमची एका वेगाने फिरतात, प्रत्येक वळणावर टायर घासला जातो, शाफ्टवर सतत पीळ येतो, आणि ओल्या वळणावर पुढची चाके स्टिअरिंगला दाद देत नाहीत. वेल्डचा तुकडा सुटून दात्यांत गेला तर चालत्या गाडीची मागची चाके जखडू शकतात. आपल्या गाडीला एबीएस असेल तर आणखी एक कारण आहे : ती यंत्रणा प्रत्येक चाक स्वतंत्रपणे फिरते असे धरून काम करते, आणि मागची दोन चाके एकमेकांना बांधली की तिला मिळणारी माहितीच चुकीची ठरते.